चाक एकटं सोडवायची रीत

शुक्रवार, मार्गशीर्ष शुद्ध १, शके १८५९. जिंतूर

आज एका इंजिनापुढं उभा राहून मी मोठ्यानं हसलो. माणसं बघायला लागली तरी हसू थांबेना. घरी येऊन नर्मदेला कारण सांगायला गेलो तर ती म्हणाली, आधी हातपाय धुवा, तेलाचा वास यायलाय. मग सांगू कुणाला? म्हणून ही कोरी वही काढली. वहीला नाक नाही आणि तिला स्वयंपाकाची घाईही नाही.

तर झालं असं. मी बन्सीधर, इथल्या मिडल शाळेत हिसाब शिकवतो. अकरा वर्षं झाली. पोरं घरी बोलतात मराठी, शाळेत शिकायचं उर्दूत. त्यामुळं मी बीजगणित म्हणत नाही, जबर-मुकाबला म्हणतो. ज्या अक्षराची किंमत ठाऊक नाही ते मजहूल. त्याला एका बाजूला एकटं सोडायचं आणि बाकीच्यांना समोरच्या बाजूला धाडायचं. जे गुणून बसले होते त्यांनी जाताना भागून जायचं, जे बेरजेत होते त्यांनी वजा होऊन जायचं. अकरा वर्षं हे फळ्यावर केलं. फळ्याबाहेर हा मजहूल राहतो कुठं, ते मला कधी दिसलं नव्हतं. आज दिसला.

शुक्रवार म्हणून शाळेला सुट्टी. सकाळीच व्यंकटरावांचं बोलावणं आलं. त्यांचं वेशीबाहेर कापसाचं जिनिंग आहे. इंजिन एक लांब लोखंडी दांडा फिरवतं आणि त्या दांड्यावर दहा जिन चालतात. प्रत्येक जिनापुढं एक बाई बसते. ती मुठीमुठीनं कापूस घालते, जिन सरकी खाली टाकतं आणि रुई पुढं. व्यंकटरावांना सगळे जिन जोरात चालवायचे होते, पण त्यांचा मिस्त्री आश्रुबा नाही म्हणत होता. मला त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, मास्तरसाहेब, तुमचा हिसाब इथं काही कामाचा आहे का बघा.

मी बघितलं. इंजिनाचं चाक चोवीस इंची. इंजिनावरच्या पितळी पाटीवर लिहिलेलं, मिनिटाला अडीचशे फेरे. दांड्याचं चाक चाळीस इंची, दोघांवर मिळून एक पट्टा. दांड्याला चिंधी बांधली, ती फळीला लागून टपटप वाजायला लागली. हेडमास्तरांचं घड्याळ मागून नेलं होतं, त्यावर मोजलं. दीडशे फेरे!

चोवीस गुणिले अडीचशे म्हणजे सहा हजार. चाळीस गुणिले दीडशे म्हणजे सहा हजार. दोन्ही बाजू सारख्या! कुणी आणून ठेवल्या नव्हत्या, त्या आपल्या आपण तिथं फिरत होत्या. तेव्हाच मला हसू आलं.

व्यंकटराव म्हणाले, दांड्याला दोनशे फेरे पाहिजेत. मी जमिनीवर खडूनं मांडलं. दांड्याचं चाक हा मजहूल, त्याला एकटं सोडलं. सहा हजार भागिले दोनशे, तीस. तीस इंची चाक बसवा, असं मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. आश्रुबा मागं उभा होता. पन्नाशीचा, उंच, काळा, कमी बोलणारा माणूस. तो हळूच म्हणाला, "तीसच येतंय. मला बी ठावं हाय."

अंदाजानं ठोकलं असणार. बिचाऱ्याला लिहिता वाचता येत नाही. पण मला राग आला नाही, आज मला कुणाचाच राग येणार नाही.

सोमवार, मार्गशीर्ष शुद्ध ४

आठवीच्या वर्गात आज बेंचावर चढून शिकवलं. फळ्यावर दोन चाकं काढली, मध्ये पट्टा काढला. पोरांना म्हटलं, मजहूल कुठला घ्यायचा तो तुमच्या मर्जीचा. चाक हवं तर चाकाला एकटं सोडा, फेरे हवेत तर फेऱ्यांना. सूत्र तेच, तोंड फक्त फिरवायचं. एरवी जांभया देणारी पोरं गिरणीचं चाक, मोटेचं चाक, सायकलचं चाक असं ओरडायला लागली. शेजारच्या वर्गातून तक्रार आली. येऊ दे.

शाळा सुटल्यावर जिनिंगमध्ये गेलो. आश्रुबाला विचारलं, तुमी चाकाचं माप कसं काढता? त्यानं सांगितलं, इंजिनाचं चाक बदललं तर एक रीत, दांड्याचं बदललं तर दुसरी, फेरे कमी-जास्त करायचे तर तिसरी आणि चौथी. त्याच्या उस्तादानं चारी रीती तोंडपाठ करून घेतल्या होत्या, तीन वर्षं लागली. मी खडूनं एकच ओळ लिहिली आणि त्यातून त्याच्या चारी रीती एकामागं एक काढून दाखवल्या. आश्रुबा खाली बसला. त्या ओळीवरून बोट फिरवत गेला. मग म्हणाला, "ह्ये उस्तादाला दाखवायला पायजे हुतं." उस्ताद वारला म्हणे, बारा वर्षं झाली.

मला लय बरं वाटलं. इतकं बरं मला लग्नातही वाटलं नव्हतं. हे वाक्य नर्मदेच्या हाती लागता कामा नये.

बुधवार, चंपाषष्ठी

वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी, कांद्याची पात. चार महिन्यांनी वांगं तोंडाला लागलं, तुटून पडलो.

वांगी कडूबाईनं आणली होती. ही आमच्या मागच्या बोळात राहते, जिनिंगमध्ये दहाव्या जिनावर बसते. नवरा नाही, एक म्हातारी सासू आहे. तिशीची असेल, तोंडानं फटकळ. नर्मदेशी तिचं चांगलं जमतं. दोघी दारात बसून बोलत होत्या. कडूबाई म्हणत होती म्हणे, आश्रुबा मिस्त्री हाय म्हणून दुपार निघती. नर्मदेनं मला विचारलं, तुमच्या नव्या चाकानं दुपार कशी निघायची?

बायकांचं बोलणं असंच. चाकाचा आणि दुपारचा काय संबंध? फेरे सकाळी तेवढेच, दुपारी तेवढेच. मी तिला सूत्र समजावून सांगायला लागलो, तर ती चूल फुंकायला गेली.

शुक्रवार, मार्गशीर्ष शुद्ध ८

आज एक शोध लागला! खरा शोध, माझा स्वतःचा!

सुट्टी म्हणून दिवसभर जिनिंगमध्ये बसलो आणि दर तासाला दांड्याचे फेरे मोजले. सकाळी आठला दीडशे. नऊला दीडशे. दहाला एकशे एकोणपन्नास. अकरालाही तसंच. जेवणानंतर दोनला एकशे एक्केचाळीस, तीनला एकशे तीस, चारला एकशे बावीस! चाकं तीच, पट्टा तोच. म्हणजे इंजिनच दुपारनंतर थकतं. सूत्र उलटं फिरवून इंजिनाच्या फेऱ्यांना एकटं सोडलं. चारला ते अडीचशेऐवजी जेमतेम दोनशे तीन फेरे घेत होतं.

कारण शोधायला बसलो. माझं म्हणणं असं, की दुपारची हवा तापून पातळ होते आणि पातळ हवेत इंजिनाला दम लागतो. औरंगाबादच्या कॉलेजात एक प्रोफेसर आहेत, त्यांना हे लिहून कळवावं असा विचार आहे. आश्रुबाला विचारलं, तर तो म्हणाला, हवेचं मला काय ठावं न्हाई. त्याला एक खोड आहे. जेवण झालं की इंजिनाजवळ उभा राहतो, बायांच्या ओळीकडं बघत राहतो आणि इंजिनावरचा एक पितळी पेच उगाच थोडा थोडा फिरवत राहतो. रिकाम्या हाताचा चाळा.

रविवार, मार्गशीर्ष शुद्ध १०

व्यंकटरावांना आकडे दाखवले. तासातासाचे, ओळीनं मांडलेले. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि मांडीवर थाप मारली. म्हणाले, म्हणजे हा मिस्त्री आल्यापासून तीन वर्षं माझ्या दुपारी वाया जायल्यात. मी हवेचं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, मास्तरसाहेब, हवा कसली, मिस्त्रीला इंजिन नीट ठेवता येत नाही.

मला ते पटलं नाही. पण आकडे माझेच होते, आकड्यांशी मी कसा भांडणार?

मंगळवार, मार्गशीर्ष शुद्ध १२

आश्रुबाला काढून टाकलं. सेलूहून इंजिनाला नवा ड्रायव्हर आणला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. शाळेतून जाताना आश्रुबा रस्त्यात भेटला. खांद्यावर पडशी, पायी बोरीला आपल्या गावी निघाला होता. मी काहीबाही बोललो, मालकाच्या मनात काय येईल सांगता येत नाही वगैरे. त्यानं माझं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मास्तर, तुमच्या त्या ओळीत बाया कुठं बसल्यात?"

मी म्हटलं, बाया जिनावर बसतात, ओळीत इंजिन आणि चाकं आहेत. तो मान हलवून निघून गेला. कमी शिकलेल्या माणसाला अक्षरांची गंमत कळायला वेळ लागतो.

शुक्रवार, मार्गशीर्ष पौर्णिमा

आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

सागवानी चाक सुतारानं तयार केलं, तीस इंच, मी स्वतः तीन ठिकाणी मापलं. दांड्यावर चढवलं, पट्टा ओढून बसवला, नारळ फोडला. इंजिन सुरू झालं. मी चिंधीजवळ घड्याळ घेऊन बसलो. सूत्रावर भरवसा होता तरी घड्याळ दोनदा कानाला लावून बघितलं. एक मिनिट संपलं. दोनशे! एक कमी नाही, एक जास्त नाही! कागदावर एक चाक एकटं सोडलं होतं, ते लाकडाचं होऊन समोर फिरत होतं. व्यंकटरावांनी सगळ्यांसमोर मला हार घातला.

आणि अजून एक. असले चाळे पुन्हा नकोत म्हणून मी स्वतः त्या पितळी पेचाला तार बांधली, चार वेढे, वर लाखेचं बोट. ड्रायव्हरला सांगितलं, हा पेच कुणी हलवायचा नाही. इंजिन दुपारी थकतं की नाही ते आता बघूच.

सोमवार, मार्गशीर्ष वद्य ३

सकाळी दोनशे. दुपारी चारला दोनशे. पाचला दोनशे! इंजिनाचा आळस गेला. हवेचा सिद्धांत पडला खरा, पण त्याचं दुःख नाही. गावात लोक मला थांबवून विचारायला लागलेत. एकानं विहिरीच्या मोटेचं विचारलं, एकानं घाण्याच्या बैलाचं.

नर्मदा म्हणाली, कडूबाई काल संध्याकाळी आपल्या ओट्यावर बसल्या बसल्या झोपली. तिच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच होता. मी म्हटलं, काम जास्त होतंय म्हणजे कापूस जास्त निघतोय. नर्मदेनं ताट माझ्यापुढं जरा जोरात ठेवलं.

बुधवार, मार्गशीर्ष वद्य ५

कडूबाईचा उजवा हात जिनात गेला.

साडेचार वाजले होते. मी तिथंच होतो, फेरे मोजत. दोनशे होते. ओरडणं आधी आलं, मग ड्रायव्हरनं पट्टा उतरवला. दोन बोटं गेली, तिसऱ्याचं पेर. बैलगाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. मी गाडीमागं चालत गेलो. घड्याळ हातातच राहिलं होतं.

गुरुवार, मार्गशीर्ष वद्य ६

शाळेत गेलो नाही. नर्मदा दवाखान्यात जाऊन आली. एवढंच म्हणाली, "कडूबाई म्हणाली, कापूस संपायच्या आत जिन दुसरी मूठ मागायचं." मग माझं ताट न वाढताच कडूबाईच्या सासूला भाकरी द्यायला गेली.

शुक्रवार, मार्गशीर्ष वद्य ७

बोरीला गेलो. सरकीच्या गाडीत बसून गेलो, अर्धी वाट पायी चाललो. आश्रुबा विहिरीवर मोटेचं चाक दुरुस्त करत होता. त्याला बातमी आधीच कळली होती. मला बस म्हणाला नाही, पण उठूनही गेला नाही. मी खाली बसलो आणि त्या पितळी पेचाचं विचारलं.

त्यानं सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. "तुमी फेरे मोजत हुता. मी बायांच्या माना बगत हुतो. दुपारच्याला मान खाली जायला लागली, की पेच थोडा ढिला करायचा. मान वर आली, की तिथंच ठिवायचा. उस्तादानं तसंच शिकीवलं."

इंजिन थकत नव्हतं. कधीच थकलं नव्हतं. तासातासाचे ते सुंदर आकडे, दीडशे, एक्केचाळीस, तीस, बावीस, ते दहा बायांचे हात होते आणि मी त्यांना हवा म्हणत होतो. ज्या पेचावर एका माणसानं तीन वर्षं दहा जणींची बोटं सांभाळली, त्याला मी माझ्या हातानं तार बांधली.

मी त्याला विचारलं, मला आधी सांगितलं कामून नाही? तो म्हणाला, तुमी मालकाच्या खुर्चीवर बसून इचारत हुता. विहिरीवर ऊन उतरेपर्यंत बसलो. मी रडलो, हेही लिहितो. त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

रविवार, मार्गशीर्ष वद्य ९

उरलेल्या नऊ जणींपैकी एकही जिनावर बसायला तयार नाही. कुणी आरडाओरडा केला नाही, नुसत्या आल्या नाहीत. कापसाच्या गाड्या वेशीपर्यंत लागल्यात, बैल सोडून माणसं बिड्या ओढत बसलीत. इंजिन तीस इंची चाक दोनशे फेऱ्यांनी फिरवतंय आणि कापूस घालायला हात नाही.

व्यंकटरावांनी मला बोलावलं. माणूस दुष्ट नाही, पण गाड्या बघून त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, मास्तर, आता कुठलं चाक? मास्तरपुढचं साहेब गळून पडलं होतं. मी खुर्चीवर बसलो नाही. उभ्यानंच म्हटलं, आश्रुबाला परत बोलवा, जुनं चाळीस इंची चाक एक दिवसापुरतं चढवा आणि मला बायांच्या मुठी मोजू द्या. त्याशिवाय मी एक आकडा सांगणार नाही. ते गाड्यांकडं बघत राहिले आणि हो म्हणाले. माझ्या सूत्रामुळं नव्हे, गाड्यांमुळं.

मंगळवार, मार्गशीर्ष वद्य ११

आश्रुबा आला. आल्या आल्या त्यानं पक्कड घेतली आणि पेचाची तार तोडली. आश्रुबा आहे म्हटल्यावर बायाही आल्या. मी शाळेतून रजा घेऊन सकाळी आठ ते पाच त्यांच्या ओळीत खाली बसलो. जिन इतक्या जवळून मी पहिल्यांदा बघितलं. मोठ्या वेगानं पुढं-मागं होणारी पट्टी आणि तिच्यापासून वीतभरावर बाईचा हात.

दांड्याच्या पाच फेऱ्यांना जिन एक मूठ कापूस खातं. म्हणजे दीडशे फेऱ्यांना मिनिटाला तीस मुठी. माझ्या दोनशे फेऱ्यांना चाळीस! चाळीस मुठी मी घालून बघितल्या, रिकाम्या टोपलीत. दोन मिनिटांत खांदा भरून आला. त्या दहा तास बसत होत्या.

सकाळी सगळ्या जणी तीस घालतात. चार वाजता आश्रुबा पेच हळूहळू ढिला करत गेला आणि जिची मान जिथं वर आली तिथं मी तिच्या मुठी मोजल्या. अठ्ठावीस, सत्तावीस, सव्वीस. सगळ्यात सावकाश बाईच्या पंचवीस. तिला वाटलं मी तिला रागावणार. मी म्हटलं, तुमचाच आकडा धरायचा आहे.

मग ओळ नव्यानं लिहिली. आता तिच्यात फेरे नाहीत, त्यांच्या जागी पाच गुणिले मूठ. चाकाला एकटं सोडलं, तर सहा हजार भागिले पाच, म्हणजे बाराशे, भागिले मूठ. बाराशे भागिले पंचवीस, अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस इंची चाक! सकाळी, दुपारी, दिवस मावळेपर्यंत तेच. कुणाची मान खाली जायला नको आणि कुणी चोरून पेच फिरवायला नको!

जुनं चाळीस इंचीसुद्धा सकाळच्याच हाताला झेपणारं होतं, दुपारची तूट आश्रुबा भरून काढत होता, हे त्या एका ओळीत लख्ख दिसलं. आश्रुबाला ओळ वाचून दाखवली. त्यानं मूठ या अक्षरावर बोट ठेवून विचारलं, हे काय? मी सांगितलं. तो म्हणाला, आता बसल्या बाया.

शुक्रवार, पौष शुद्ध ६

अठ्ठेचाळीस इंची चाक आज चढलं. दांड्याचे फेरे एकशे पंचवीस. चार वाजता एकशे पंचवीस, आणि नऊ जणी एकमेकींशी बोलत काम करत होत्या. जिनाच्या आवाजात त्या बोलत होत्या! व्यंकटराव कुरकुरले, पण गाड्या हलल्या होत्या.

पाचच्या सुमाराला कडूबाई आली. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. मला बघून न बघितल्यासारखं केलं. आश्रुबाला म्हणाली, घरी बसून म्हातारीला काय घालू, माझं जिन मला द्या. आश्रुबानं दहावं जिन बंद ठेवून तिला तिथं बसवलं आणि कापसाची टोपली पुढं ठेवली. ती डाव्या हातानं घालायला लागली. मी घड्याळ काढलं. मिनिटाला चौदा मुठी.

"माझं किती आलं?" तिनं माझ्याकडं न बघता विचारलं. म्हणजे नर्मदेनं तिला सगळं सांगितलेलं होतं.

बाराशे भागिले चौदा. मी तीनदा केलं. पंच्याऐंशी इंच आणि वर जवळजवळ सहा सूत, म्हणजे पाऊण इंच. दांडा जमिनीपासून साडेतीन फुटांवर आहे. एवढं मोठं चाक बसवलं तर खाली जमिनीला घासतं. मी तिला खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "मग खड्डा खणा की." कुणी हसलं नाही. ती उठून गेली.

उत्तर बरोबर आहे आणि ते बसत नाही. अकरा वर्षांत असं उत्तर मला आलं नव्हतं. खड्डा खणला तरी बाकीच्या नऊ जणींचे जिन चौदा मुठींवर येतील, ते व्यंकटराव एक दिवससुद्धा चालू देणार नाहीत.

रविवार, पौष शुद्ध ८

सकाळपासून, शाळेत वर्गावर बसूनसुद्धा, वहीची चार पानं घालवली. दांड्याच्या चाकाला सोडवून बघितलं, इंजिनाच्या चाकाला सोडवून बघितलं. काहीही केलं तरी दहाही जिन एकदम बदलतात. संध्याकाळी जिनिंग बंद झाल्यावर आश्रुबा घरी आला. हा पहिल्यांदाच आला. नर्मदेनं त्याला गूळ-पाणी दिलं, मलाही दिलं. मी त्याला पानं दाखवून कुठं कुठं अडलं ते सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "मास्तर, तुमी सगळ्यायचं चाक सोडवायलात. तिच्या एकटीचं सोडवा."

मी उडालो! जिनालाही आपलं चाक असतं! दांडा, पट्टा, जिनाचं छोटं चाक. दहा जिनांची दहा चाकं मी महिनाभर बघत होतो आणि एकाही ओळीत घेतलं नव्हतं. सूत्र तेच, मजहूल फक्त एक घर पुढं सरकवायचा. जिनाचं चाक चौदा इंची, त्याच्यावर पंचवीस मुठी. तिला पाहिजेत चौदा. नवं चाक गुणिले तिच्या चौदा मुठी बरोबर जुनं चौदा इंची चाक गुणिले पंचवीस मुठी. चाकाला एकटं सोडलं. पंचवीस इंच! बाकीच्या नऊ जणींना धक्काही लागत नाही! मी आश्रुबाचे दोन्ही हात धरले, नर्मदा ओसरीतून बघत होती. आज तिलाही हसू आलं.

व्यंकटरावांना विचारायला मी गेलो नाही. आश्रुबा म्हणाला, चाक मी बनवतो. मी म्हटलं, मालकांनी विचारलं तर माझं नाव सांगायचं, आकडा माझा आहे.

शुक्रवार, पौष शुद्ध १३

कडूबाईच्या जिनाला पंचवीस इंची चाक सकाळी बसलं. व्यंकटरावांनी बघितलं. हे एकच कामून मोठं, म्हणाले. मी म्हटलं, हिसाबानं एवढंच येतं. त्यांनी तिच्या हाताकडं बघितलं आणि गोदामाकडं गेले.

कडूबाई बसली. पट्टा चढला. आश्रुबा इंजिनाजवळ, मी तिच्या बाजूला घड्याळ घेऊन. पहिल्या दोन मुठी तिनं लांबूनच टाकल्या. तिसरीला हात मागं घेतला, मग जवळ नेला. जिन तिची वाट बघत होतं असं नाही लिहिणार, लोखंड वाट बघत नाही. पण मूठ येईपर्यंत मागची मूठ पुरत होती. पाच, सहा, सात. तिच्या कपाळावर घाम होता आणि मी तिच्या हाताकडं बघत राहिलो, त्या उरलेल्या बोटांकडं, आणि घड्याळाकडं बघायचं माझं राहूनच गेलं.

"चौदा झाल्या," कडूबाई म्हणाली. "लिव्हा, मास्तर."